आजचा शब्द: अपैशुन (अध्याय १६, श्लोक २)



सोळाव्या अध्यायातली दैवी संपत्तीची यादी आपण रोज एक शब्द घेऊन वाचतोय. एकूण सव्वीस गुण. काल चौदावा झाला, शांती. आज पंधरावा, अपैशुन. ज्ञानेश्वरीत याचंच रूप अपैशुन्य असं येतं. यादीत हा शब्द पटकन सुटून जातो. सत्य, अहिंसा, दया हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत, त्यांच्याजवळ आपण थांबतो. अपैशुन वाचताना बहुतेक जण "चहाडी न करणं" एवढं मनात म्हणतात आणि पुढे सरकतात. चहाडी म्हटलं की शाळेत बाईंना नाव सांगणारा मुलगा आठवतो. मग वाटतं, हे काही आता आपल्याला लागू नाही.

मला मात्र वाटतं, सव्वीसपैकी आपल्या पिढीला सगळ्यात जास्त लागू होणारा शब्द हाच आहे.

आधी अर्थ पाहू. शंकराचार्य या शब्दावरच्या भाष्यात पैशुनाची व्याख्या करतात, आणि ती एखाद्या चांगल्या स्पेसिफिकेशनसारखी नेमकी आहे. दुसऱ्याचं छिद्र तिसऱ्यासमोर उघडं करणं म्हणजे पैशुन. यात तीन माणसं लागतात. ज्याचं छिद्र आहे तो, सांगणारा, आणि ऐकणारा तिसरा. त्या तिसऱ्याकडे नीट लक्ष द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच श्लोकात सत्य हा गुण आधीच येऊन गेलाय, यादीत अकरावा. म्हणजे फक्त खोटं बोलू नका एवढंच सांगायचं असतं, तर अपैशुन वेगळं लिहायची गरजच नव्हती. वेगळं लिहिलंय, कारण सांगितलेली गोष्ट खरी असली तरी पैशुन होऊ शकतं. "पण हे खरंय ना?" हा आपला नेहमीचा बचाव इथे चालत नाही.

आता माउली काय करतात बघा. या एका शब्दावर त्यांनी डझनभर ओव्या खर्च केल्या आहेत, आणि त्यात चहाडखोराचं वर्णन जवळजवळ नाहीच. त्याऐवजी ते एकामागून एक दृश्यं दाखवतात. चांगला वैद्य रोग दाबायला धावतो, रोगी आपला की परका हे शोधत बसत नाही. चिखलात रुतलेली गाय बाहेर काढणारा ती दुभती आहे की भाकड हे बघत नाही. बुडणाऱ्याला हात देणारा त्याची जात विचारत नाही. आणि चौथं दृश्य, जे वाचताना मी दर वेळी थांबतो. रानात कुणा पाप्याने एखाद्या स्त्रीला विवस्त्र केलंय, आणि तिथे एक सज्जन माणूस पोचतो. तो आधी तिला वस्त्र नेसवतो. तोपर्यंत तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

पंधरावा गुण म्हणजे हे चौथं दृश्य. छिद्र दिसलं की आधी झाकायचं, मग बघायचं.

हे दृश्य मनात ठेवून आपल्याच गावाकडे येऊ.

ऑगस्ट २०२४. बदलापूरमधल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर, जेमतेम चार वर्षांच्या, शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावं लागलं. गुन्हा १६ तारखेला नोंदला गेला, १७ला अटक झाली. २० ऑगस्टला लोक रस्त्यावर आले आणि बदलापूर स्टेशनचे रूळ अडवले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सुमारे दहा तास, गाड्या बंद होत्या. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. पुढच्या दिवसांत किती बोललं गेलं हे कर्जत लाइनवर राहणाऱ्याला सांगायला नको.

काय बोललं जात होतं? आंदोलन उत्स्फूर्त होतं की घडवून आणलेलं? तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच म्हटलं की हे राजकीय हेतूने केलेलं आहे, आंदोलक बाहेरून आले होते. मग "लाडकी बहीण"चे फलक कोणी छापले यावर चर्चा. सरकारने ॲड. उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमलं, तर विरोधकांनी आक्षेप घेतला की ते त्याच वर्षी भाजपच्या तिकिटावर उत्तर मध्य मुंबईतून लोकसभा लढले होते. शाळा कोणाची, संचालक कोणाच्या जवळचे. एका तरुणीला तर पीडित मुलीच्या प्रकृतीबद्दल खोटी माहिती पसरवल्यावरून अटक झाली. आणि या सगळ्याच्या खाली, प्रत्येक दुर्घटनेनंतर जो हलक्या आवाजात येतो तो प्रश्न: "घरच्यांना किती मिळाले असतील?"

यात सगळंच पैशुन आहे का? नाही. इथेच अभ्यास करावा लागतो, कारण "गप्प बसा, देव बघून घेईल" असा अर्थ काढला तर तो गीतेवर अन्याय आहे. ज्या ग्रंथात अर्जुनाला उठून उभं राहायला सांगितलंय, तो ग्रंथ बदलापूरच्या आयांना घरी बसा असं सांगेल? मुळीच नाही.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे या. शंकराचार्यांच्या व्याख्येत छिद्र तिसऱ्याला दाखवलं जातं. ज्याला उत्तर द्यायचं बंधन आहे त्याला विचारलं, तर ते त्या व्याख्येत बसत नाही. गुन्हा नोंदवायला उशीर का, हा प्रश्न पोलिसांना, सरकारला, न्यायालयात विचारला तर तो प्रश्न आहे. हेच वाक्य व्हॉट्सॲपवर शेजाऱ्याला "यामागे कोण आहे तुला माहितीय का" असं डोळे मिचकावून सांगितलं, तर ते पैशुन. विषय तोच, फक्त ऐकणारा बदलला.

२२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतलं. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने विचारलेले प्रश्न बघा. गुन्हा नोंदवायला उशीर का झाला? शाळेने पोलिसांना कळवलं का? दुसऱ्या मुलीचा जबाब घेतला का? साधे प्रश्न आहेत. कोणाचा पक्ष नाही, कोणाची जात नाही. प्रत्येकाचं उत्तर कागदावर असायला हवं होतं. आणि त्यातूनच कळलं की दुसऱ्या मुलीच्या बाबतीत जबाबाचं काम अगदी शेवटच्या क्षणापर्यंत राहिलं होतं. त्याआधी तीन पोलीस अधिकारी-कर्मचारी निलंबित झाले होते. शाळेच्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, कारण पॉक्सो कायद्यात असा प्रकार समजल्यावर न कळवणं हाच गुन्हा आहे. उच्च न्यायालयाने त्यांचा अटकपूर्व जामीन फेटाळल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. शाळांमधल्या सुरक्षेसाठीच्या समितीत न्या. साधना जाधव आणि न्या. शालिनी फणसळकर-जोशी या माजी न्यायमूर्ती आल्या.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. सर्व्हर पडला की पहिल्या दहा मिनिटांत ग्रुपवर पन्नास मेसेज येतात: डेटाबेसवाल्यांनी केलं असणार, काल त्याने डिप्लॉय केलं होतं, तो मॅनेजरच्या मर्जीतला आहे. मग कोणीतरी काही न बोलता लॉग टाकतो. २ वाजून १४ मिनिटं, ही एरर. सगळे चूप. लॉग टाकणाऱ्याचं धाडस कमी नसतं, उलट लॉगमुळेच खरा दोषी सापडतो. मर्जीच्या गप्पांतून तो आजवर एकदाही सापडलेला नाही.

राजकारणाचा प्रश्नही लॉगसारखा विचारता येतो. २०२६च्या जानेवारीत त्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला, याच प्रकरणात सहआरोपी असताना, कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत भाजपच्या कोट्यातून स्वीकृत नगरसेवक केलं गेलं. लोकांनी उघड विचारलं: नाव हे, पद हे, गुन्हा हा, मग नेमणूक कशी? त्यात अफवा नव्हती, कुजबुज नव्हती. लगेच राजीनामा द्यावा लागला. निकमांबद्दलचा आक्षेपही मला याच जातीचा वाटतो. बरोबर की चूक यावर मतं वेगळी असू शकतात, पण ते लोकसभेला उभे होते हे सगळ्यांसमोर होतं, आक्षेप नेमणूक करणाऱ्यांकडे घेतला गेला. तो पैशुनात मोजू नये.

पैशाचंही तसंच. पैशाची शंका नेहमी खोटी असते असं म्हणणारा भोळा म्हटला पाहिजे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर्सना उडवलं, तेव्हा ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. पण ते उघड कशामुळे झालं? दुसऱ्या रुग्णालयात घेतलेला दुसरा नमुना आणि डीएनए तपासणी. "श्रीमंताचं पोर आहे, सुटणारच" असं म्हणणारे लाखो होते. दुसरा नमुना घेण्याचं काम ज्या थोड्यांनी केलं, त्यांच्यामुळे ते न्यायालयापर्यंत पोचलं.

आता वकिलांकडे येऊ, कारण या विषयात सगळ्यात जास्त छिद्रं त्यांच्यातच शोधली जातात. "याला वकील कोणी दिला? पैसे कोण देतंय?" आरोपीच्या बाबतीत तर विचारतातच, पीडितांच्या बाबतीतही विचारतात. गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर गुप्त नाहीच. कायद्यात छापलेलं आहे. घटनेच्या कलम २२मध्ये अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क आहे. कलम ३९अ मोफत कायदेशीर मदतीबद्दल आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीत असलेले, आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार. उल्हासनगरच्या कारखान्यात काम करणारा माणूस असो की अंबरनाथच्या एमआयडीसीतला, त्यालाही हा हक्क आहे. पॉक्सोच्या कलम ४०मध्ये मुलाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील ठेवता येतो आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा आहे. विशेष सरकारी वकिलाची फी सरकार देतं. म्हणजे "पैसे कोण देतंय?" याचं बहुतेक वेळा उत्तर "आपण सगळे, करातून" असं आहे. त्यात कट वगैरे काही नाही.

आणि आरोपीला वकील का मिळावा? माउलींचा वैद्य आठवा. आपला-परका न शोधता काम करणारा. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालात स्पष्ट सांगितलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदेशीर आहेत. २६/११च्या कसाबचंच घ्या. सुरुवातीला त्याची बाजू घ्यायला नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर दगडफेक झाली. तरी न्यायालयाने त्याला वकील दिले. उच्च न्यायालयात विधी सेवेतून वकील मिळाले, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन न्यायमित्र होते. खटल्यात सरकारी वकील निकमच होते. त्या शिक्षेवर जगात कोणी बोट ठेवू शकलं नाही, कारण समोरच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं होतं. बचावाचा वकील नसता, तर आजही कोणीतरी म्हणत असता की खरे सूत्रधार लपवले गेले.

बदलापुरात नेमकं हेच होऊन बसलं. २३ सप्टेंबर २०२४ला तळोजा तुरुंगातून आरोपीला नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून तो मेला. त्याने पोलिसाची बंदूक हिसकावली, असं पोलिसांचं म्हणणं. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. "बदला पुरा" असे फलक लागले. आमच्या गावाच्या नावावर केलेली ती कोटी मला आजही सहन होत नाही. कशाचा बदला पुरा झाला? त्या दोन मुलींच्या बाबतीत काय घडलं हे न्यायालयात पुराव्यानिशी, उलटतपासणीसकट सिद्ध व्हायचं होतं. मुख्य आरोपीविरुद्धचा तो खटला त्या दिवशी संपला. आणि कुजबूज? ती दुप्पट झाली. कोणाला वाचवलं? काय लपवलं? आता या प्रश्नांना पूर्ण उत्तर मिळण्याची शक्यताच उरली नाही. प्रक्रिया जिथे मध्येच तुटते, तिथे पैशुनाला कायमची जागा मिळते. भिंतीला भोक पडलं की त्यातून वारा येतच राहणार.

पुढचं तर आपल्या तिन्ही गावांनी बघितलंय. त्याच्या मृतदेहाला बदलापूर, अंबरनाथ परिसरात जागा मिळेना. विषय उच्च न्यायालयात गेला. शेवटी २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या स्मशानभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन झालं, तेही तिथे खणलेला खड्डा आधी काही लोकांनी बुजवल्यानंतर. त्याच्या कृत्याबद्दल माझ्या मनात काडीची दया नाही, हे स्पष्ट सांगतो. पण मेलेल्याची जागा अडवणं ही दैवी संपत्ती नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे.

मग त्याच्या आईवडिलांनी उच्च न्यायालयात अर्ज केला की चकमकीची चौकशी व्हावी. लगेच प्रश्न: यांच्यामागे कोण? वकिलाला पैसे कुठून? जानेवारी २०२५मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयासमोर आला, त्यात पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं. फेब्रुवारीत त्याच आईवडिलांनी न्यायालयाला सांगितलं की ही धावपळ आता आम्हाला झेपत नाही, केस पुढे चालवायची नाही, आणि आमच्यावर कोणाचा दबाव नाही. त्यावरही लोकांनी अर्थ काढले. न्यायालयाने काय केलं? प्रकरण सोडलं नाही, न्यायमित्र नेमून ते पुढे चालवलं. म्हणजे कोणी अर्ज केला, का केला, का मागे घेतला, याने मूळ प्रश्न बदलत नाही. कोठडीत माणूस कसा मेला, हा प्रश्न आपल्या जागी उभा राहतो.

आता माउलींच्या चौथ्या दृश्याकडे, त्या वस्त्राकडे. पॉक्सोच्या कलम २३मध्ये माध्यमांना बंदी आहे: पीडित मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खालीही ओळख उघड करणं गुन्हा आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी ज्ञानेश्वरी वाचली होती असं मी म्हणत नाही, पण दोन्हीकडे विचार तोच आहे. आधी झाकायचं. म्हणूनच या लेखात शाळेचं नाव नाही, आणि कमेंटमध्ये कोणी लिहिलं तर मी ते काढून टाकेन.

हे फार महत्त्वाचं आहे, कारण गल्लीत ओळख उघड होते ती बातमीने नाही. ती "किती मिळाले" या प्रश्नाने होते. मदत मिळते हे खरंय. महाराष्ट्रात २०१३पासून मनोधैर्य योजना आहे. न्यायालयही नुकसानभरपाई देऊ शकतं. पण "मिळाले" हे क्रियापद बघा, जणू लॉटरी लागली. तो हक्क आहे आणि तो मोजून ठरवलेला आहे. रेल्वेचंही तसंच. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर कसाऱ्याकडे जाणाऱ्या आणि कर्जतहून सीएसएमटीकडे येणाऱ्या दोन लोकल एकमेकांजवळून जाताना दारात लटकलेले लोक खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. राज्य सरकारने पाच लाख जाहीर केले, आणि संध्याकाळच्या डब्यात त्याच पाच लाखांवर गप्पा. रेल्वे अपघातात मृत्यूची भरपाई २०१७पासून आठ लाख ठरलेली आहे, आणि ती घ्यायला दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो, वकील लागतो, तिकीट होतं की नाही यावर वाद होतो. दारात लटकून आपणही जातो. आपल्या घरच्यांनी उद्या तो अर्ज केला, तर त्यांना लोभी म्हणायचं का?

एक गोष्ट राहिली. माउली याच ओव्यांमध्ये सांगतात की माणसाला त्याच्या दोषाच्या नावाने हाक मारू नये, वर्मी घाव घालू नये, पडलेला उभा राहील असं काहीतरी करावं. हे लिहिणारा कोण होता आठवा. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या सांगण्यावरून परत संसारात आले, आणि त्यांच्या चार लेकरांना गावाने एकच नाव दिलं: संन्याशाची पोरं. परंपरा सांगते की त्यातच आईवडिलांनी देह ठेवला. लोक बोलत होते त्यात खोटं काही नव्हतं. ते संन्याशाचीच मुलं होते. सत्य होतं, आणि पैशुन होतं. ज्या मुलाला दोषाच्या नावाने हाक मारली गेली, तोच मोठा होऊन या एका शब्दावर इतक्या ओव्या लिहितो आणि या गुणाला मोक्षाच्या वाटेवरची पालखी, सुखासन म्हणतो.

आता अभ्यास. या आठवड्यात कुठल्याही घटनेबद्दल काही पुढे पाठवायची इच्छा झाली की एकच बघा, हे मी कोणाला सांगतोय? उत्तर देणं ज्याच्यावर बंधनकारक आहे त्याला सांगत असाल तर जरूर सांगा, आणि लेखी सांगा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत तीस दिवसांची. मुलांबद्दल काही खटकलं तर १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. उच्च न्यायालयाचे आदेश त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. वकील, राजकारण, पैसा यांवर बोलायची खाज असेल तर आधी एक आदेश पूर्ण वाचा. इंग्रजी जड वाटतं, पण पंचवीस पानांत जेवढं कळतं तेवढं पाचशे फॉरवर्ड्समध्ये कळत नाही. आणि सांगायला तिसराच माणूस समोर असेल, तर त्या घटनेतल्या माणसांपैकी आत्ता कोणावर वस्त्र घालायला हवं आहे हे शोधा. बदलापुरात ज्या शाळेच्या गणवेशाकडे बोट दाखवून लोक बोलतात, तिथे अजून शेकडो मुलं रोज जातात. त्यांना ते बोट दिसतं.

ज्यांना ओव्या मुळातून वाचायच्या आहेत त्यांनी सोळाव्या अध्यायात शांतीनंतर लगेच बघा, तिथून दयेपर्यंत. शब्द जुने आहेत, सावकाश वाचा. आणि हो, अंबरनाथच्या मंडळींनी विचारलं होतं, रविवारचं ऑनलाइन वाचन रात्री नऊलाच आहे.

उद्याचा शब्द: दया. चिखलातल्या गाईपासून तिथे आणखी पुढे जायचंय.

जय हरी.